सवयीचं पाणी

प्रशांतराव गेले, त्यानंतर घरात दोनच आवाज उरले. एक पंख्याचा आणि एक माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा. पंखा कलावतीबाई बंद करू शकत होत्या. फिल्टर कधी बंद करायचा नसतो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं घर. टाकी हॉलमध्ये सोफ्यासमोर होती, इतरांकडे जिथे टीव्ही असतो तिथे. त्यांची एकुलती एक मुलगी ऐश्वर्या शाळेत होती तेव्हा प्रशांतरावांनी ती बसवली. पुढे ऐश्वर्या लग्न होऊन घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहायला गेली, सोफा बदलला, घराला दोनदा रंग लागला, टाकी मात्र जागची हलली नाही. वरच्या थरात गोरामी संथ फिरायचे, मधल्या पाण्यात एंजल, आणि तळाच्या वाळूत मिशा खुपसत चिमुकल्या कोरी. जाती वेगवेगळ्या, पण भांडण नाही. मधोमध एक वाकडंतिकडं लाकूड आणि त्याच्या मागे रुंद पानांची झाडं. सगळ्यात थोरला एंजल तळहाताएवढा होता, रुपेरी अंगावर काळे पट्टे. घरात कुणीही आलं की तो काचेपाशी येऊन आधी बघून जायचा, म्हणून प्रशांतराव त्याला साहेब म्हणायचे.

कलावतीबाईंची सगळी नोकरी पोस्टात गेली. टाकी हा नवऱ्याचा प्रांत, त्यात त्यांनी कधी हात घातला नव्हता. रोज सकाळी आंघोळीच्या आधी ते कोपऱ्यातल्या बादलीत आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी तांब्याने टाकीत घालतात, उतरलेली पातळी वर आणतात आणि चिमूटभर खाणं टाकतात, हे त्यांनी बघितलं होतं. त्यांच्या मागे कलावतीबाई तेच करत राहिल्या. एक सकाळ चुकवली नाही.

त्यांनी बघितलं नव्हतं ते रविवारचं. रविवारी सकाळी त्या बाजारात जायच्या आणि येताना एका मैत्रिणीकडे टेकायच्या. परत येईपर्यंत हॉलपासून मोरीपर्यंत फरशी ओली झालेली असायची. पुन्हा सगळीकडे पाणी केलंत, असं म्हणत त्या पिशव्या ओट्यावर ठेवायच्या, आणि प्रशांतराव निमूटपणे फडकं घेऊन पुसायला लागायचे. त्या वेळात ते टाकीतलं बादलीभर जुनं पाणी काढून तेवढंच ताजं घालत असत. इतक्या वर्षांत हे ना बाईंनी विचारलं, ना त्यांनी सांगितलं.

त्यामुळे त्यांच्या पश्चात पाण्यात नवं पाणी पडत होतं, पण जुनं कधी बाहेर जात नव्हतं. लाकडाचा अर्क हळूहळू उतरत गेला. पाणी आधी कोऱ्या चहासारखं फिकट झालं, मग दाट. कलावतीबाईंना ते वाईट दिसलं नाही. उलट दुपारी जेवून सोफ्यावर आडवं झालं की खिडकीतलं ऊन त्या पाण्यातून गाळून यायचं आणि समोरची भिंत, छत, त्यांचे स्वतःचे हात, सगळं मधाच्या रंगाचं व्हायचं. डोळा लागतो न लागतो अशा वेळी त्यांना वाटायचं की खोली भरली आहे आणि आपण तळाशी आहोत. वर फिरतोय तो पंखा नसून पाण्याच्या पृष्ठभागावर कुणीतरी हात फिरवतंय. साहेब काचेपाशी येऊन त्यांच्याकडे बघायचा. त्या अर्धवट झोपेत त्यांना नवऱ्याची आठवण यायची नाही, कारण ते तिथेच कुठेतरी, आतल्या खोलीत पेपर वाचत बसले आहेत अशी खात्रीच असायची. जाग आली की फिल्टर तेवढा ऐकू यायचा.

ऐश्वर्याला आईची ही दुपार माहीत नव्हती, पण आईचा फोनवरचा आवाज खोल गेलाय हे तिला कळत होतं. एका शनिवारी ती येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत निऑन टेट्रा घेऊन आली. निळ्या-लाल रेघांचा तो घोळका पाण्यात सोडला तेव्हा तपकिरी अंधारात कुणी दिवाळीची माळ लावावी तसं झालं. आईने खूप दिवसांनी टाकीसमोर खुर्ची ओढून घेतली, म्हणून ऐश्वर्या खूश होऊन परत गेली.

सोमवारपर्यंत सगळे टेट्रा मेले होते. जुने मासे मात्र मजेत होते. कलावतीबाईंना त्याचंच नवल वाटलं. पाणी एकच, मग एकाला जगवतं आणि एकाला मारतं कसं?

त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकीतलं पाणी भरलं आणि मानपाड्याच्या रस्त्यावरच्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकान नयन नावाच्या तिशीतल्या माणसाचं. तो प्रशांतरावांना ओळखत होता. काका गेल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. तो उठून उभा राहिला, काकूंना स्टूल दिलं, आणि मग बाटलीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात थेंब टाकले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. त्याने रंगांचा तक्ता शेजारी धरला. हिरवा म्हणजे मधलं पाणी, निळा म्हणजे चुन्याचं जड, पिवळा म्हणजे आंबट.

"याच्या खालचा रंगच नाहीये तक्त्यावर," तो म्हणाला. "खरा पीएच याच्याहून खाली असेल. काकू, तुमचं पाणी आंबट झालंय."

मग त्याने नीट समजावून सांगितलं. माशांची घाण, सडलेली पानं, ते लाकूड, सगळं मिळून पाण्याला आंबट करत असतं. पाण्यात थोडा चुन्याचा अंश असतो, तो हा आंबटपणा गिळत राहतो आणि पीएच जागेवर धरून ठेवतो. आपल्याकडच्या नळाला नदीचं हलकं पाणी, त्यात हा अंश मुळातच कमी. तो ताज्या पाण्याबरोबर येत राहिला तर ठीक. नुसती पातळी भरण्यापुरता आला तर पुरत नाही; एक दिवस संपतो आणि पाणी घसरायला लागतं. जुने मासे त्या घसरणीबरोबर रोज थोडे थोडे खाली आले, त्यांना सवय होत गेली. टेट्रा वरून थेट येऊन पडले.

बाईंनी विचारलं, मग आता सगळं पाणी बदलून टाकू का. नयनने दोन्ही हात वर करून नको नको केलं. एवढ्या आंबट पाण्यात घाणीचं विष निजलेलं असतं, तो म्हणाला. पीएच एकदम वर नेला की ते जागं होतं. रोज तांब्या-दोन तांबे जुनं काढायचं आणि तेवढंच ताजं घालायचं. फिल्टरमध्ये ठेवायला त्याने पोवळ्याच्या दगडाचे मूठभर तुकडे जाळीच्या पुरचुंडीत बांधून दिले; ते सावकाश विरघळतात आणि संपलेला अंश भरून काढतात. महिना-दीड महिना लागेल, घाई करायची नाही.

"मासे आकडा बघत नाहीत, काकू," तो दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला. "आकडा कुठला पण असू दे. तो हलला नाही पाहिजे."

त्या दिवशी घरी जाताना कलावतीबाई गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. ओली फरशी त्यांच्या डोळ्यांसमोर आली होती. रविवारची, फडक्याने अर्धवट पुसलेली.

संध्याकाळी त्यांनी ऐश्वर्याला फोनवर सगळं सांगितलं. ऐश्वर्या ऑफिसातून निघून घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती, मागून हॉर्न वाजत होते. पाणी खराब झालंय आणि बदलायचंय, एवढंच तिला ऐकू आलं. हळूहळू हा शब्द हॉर्नमध्ये गेला.

ऐश्वर्याचा नवरा मितेश मनाने चांगला, आणि कुणाला काही हवंय म्हटलं की लगेच गाडीची किल्ली उचलणारा. त्यांच्या टॉवरच्या लॉबीत एक भलीमोठी टाकी होती, पिवळ्या-निळ्या माशांनी भरलेली, काचेसारखं पाणी. ते मासे आफ्रिकेतल्या तळ्यांचे, त्यांना जडच पाणी लागतं, आणि टॉवरला येणारं बोअरचं पाणी त्यांना मानवलं होतं. पण हे मितेशला कोण सांगणार? त्याला एवढंच दिसत होतं की आपल्याकडे मासे छान जगतात. रविवारी सकाळी त्याने ते पाणी मोठमोठ्या जारमध्ये भरलं, गाडीत घातलं, आणि दोघं डोंबिवलीला आले. आई बाजारात गेली होती. ऐश्वर्याकडे किल्ली होती. आई यायच्या आत करून टाकू, असं दोघांनी ठरवलं.

कलावतीबाई पिशव्या घेऊन आल्या तर दाराबाहेर लेकीच्या चपला. दार उघडं. त्या आत पाऊल टाकता टाकता थांबल्या.

टाकी लख्ख झाली होती. मागच्या काचेला निळा कागद लावलेला आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या, तो दिसत होता. झाडं हिरवीगार दिसत होती. वाळूचा कण न् कण दिसत होता. साहेबाच्या पट्ट्यांत काळ्याबरोबर एक जांभळी झाक होती, ती त्यांनी याआधी कधी बघितलीच नव्हती. ऐश्वर्या ओल्या हातांनी पुढे आली आणि आईचा चेहरा बघत राहिली, कारण आई हसत होती.

खाली ठेवायला हव्यात हे न कळून पिशव्या त्यांच्या हातातच राहिल्या. मग फिल्टरचा आवाज कानात शिरावा तसा नयनचा आवाज त्यांच्या मनात शिरला. त्यांनी विचारलं, पाणी कुठलं घातलं.

जेवणं झाली नाहीत. ताटं वाढेपर्यंत मासे वर आले होते. गोरामी तोंड पाण्याबाहेर काढून हवा ओढत होते. कोरी तळाशी बसायच्या त्या काचेला घासत वर-खाली पळत होत्या. साहेब लाकडाजवळ एका कुशीवर कलला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा कलला. बाईंनी नयनला फोन लावला. मितेशने जारचं पाणी सांगितलं. नयनने विचारलं, जुनं पाणी थोडं तरी शिल्लक आहे का.

मितेशने बहुतेक पाणी मोरीत ओतलं होतं. पण एक मोठा टब भरून ऐश्वर्याने बाल्कनीत ठेवला होता, आईच्या कुंड्यांना घालायला. जारचं पाणी उपसत चहाच्या रंगाचं ते पाणी त्यांनी तिघांनी आळीपाळीने तांब्या तांब्याने परत टाकीत सोडलं. बाई काचेला धार लावून ओतत होत्या, तांब्याचा आवाजही होऊ नये अशा. टाकीची ती निळी स्वच्छ पाठ पुन्हा धूसर होत गेली, झाडं मागे गेली, आणि त्या धूसरपणात काही मासे हळूहळू तळाकडे परतले. कोरी बहुतेक वाचल्या, एक गोरामी वाचला. बाकीचे गेले. साहेब दिवेलागणीच्या सुमारास लाकडाच्या बेचक्यात अडकून तसाच राहिला.

मितेशने त्याला रुमालात घेतलं आणि खाली जाऊन सोसायटीच्या आवारातल्या बदामाच्या झाडाखाली पुरलं. तो वर आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती, आणि तो हात न धुता तसाच बसून राहिला.

"आई, बाबांचे मासे मी मारले," ऐश्वर्या म्हणाली.

कलावतीबाईंनी पदराला हात पुसले. लेकीला काहीतरी समजुतीचं सांगायला हवं होतं, पण त्यांच्या तोंडून निघालं ते खरं होतं ते.

"मला पण आवडलं होतं गं. दारातून बघितलं ना मघाशी, तेव्हा."

त्यानंतर ऐश्वर्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, वडील गेले तेव्हा रडली नव्हती तेवढी.

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा नयनकडे गेल्या. त्यांना साहेबासारखा एंजल हवा होता. नयनने त्याच्याकडचे दाखवले. छान होते, पण तोंडं वेगळी होती, बाईंना ते कळलं. तेव्हा नयन म्हणाला, "काका माझ्याकडून मासे घ्यायचेच नाहीत. खाणं आणि स्पंज न्यायचे, तेवढंच. मासे त्यांचे मोहन्याहून यायचे, धोंडीबा काकांकडून."

धोंडीबा काका कोण, हे कलावतीबाईंना माहीत नव्हतं. मोहने मात्र माहीत होतं. तिथल्या जुन्या रेयॉनच्या कारखान्यात प्रशांतराव पाण्याच्या प्रयोगशाळेत होते. कारखाना बंद पडला तेव्हा ऐश्वर्या कॉलेजात होती. नंतर ते इकडेतिकडे काही ना काही करत राहिले, पण पुन्हा मन लागलं नाही. फार कमी बोलायला लागले. फक्त बुधवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. कामगारांची मीटिंग असते, म्हणायचे. बाईंना कधीकधी राग यायचा. इतकी वर्षं कसली मीटिंग, निष्पन्न तर काहीच नाही.

नयनने नंबर दिला. ऐश्वर्याने सुट्टी घेतली, आणि दोघी कल्याणहून रिक्षाने मोहन्याला गेल्या.

धोंडीबांचं घर कारखान्याच्या जुन्या वसाहतीच्या पलीकडे, एका उताराच्या टोकाला होतं. वाटेत बंद क्वार्टर्सच्या रांगा लागल्या, खिडक्यांतून वेली आत गेलेल्या, आणि रस्त्यावर झाडांची इतकी दाट सावली की रिक्षावाल्याने आपोआप वेग कमी केला. दुपारची वेळ होती. कुठे कुणी दिसत नव्हतं. एका ओट्यावर मांजर झोपलं होतं. कलावतीबाईंना वाटलं, ही जागा आपण बघितली आहे. सोफ्यावर, दुपारी, डोळे मिटायच्या बेतात असताना.

धोंडीबा फाटकातच उभे होते. सत्तरीचा उंच, काटक माणूस. मूळचे साताऱ्याकडचे, बोलण्यात अजून तिकडचा हेल. अंत्यविधीला ते आले होते, पण त्या गर्दीत बाईंना कुठला चेहरा लक्षात राहणार. "या वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांना घराच्या मागे घेऊन गेले.

मागे आंब्याच्या झाडाखाली सिमेंटच्या टाक्या होत्या, गुडघ्याएवढ्या उंच, ओळीने. पाण्यावर पानं पडलेली. जवळ गेल्यावर दिसलं की प्रत्येकीत मासे आहेत. एका टाकीत एंजलची पिल्लं होती, नाण्याएवढी, पण पट्टे तेच, आणि माणूस आल्याबरोबर कडेला येऊन बघायची तऱ्हाही तीच. ऐश्वर्या खाली बसली.

धोंडीबांनी सांगितलं की कारखान्यात ते आणि प्रशांतराव एकाच टेबलावर होते. येणारं पाणी तपासायचं, जाणारं पाणी तपासायचं, दिवसभर हेच काम. कारखाना बंद झाल्यावर दोघांना हाताला काम उरलं नाही, तेव्हा प्रशांतरावांनी कुठूनतरी माशांची एक जोडी आणली आणि इथे पहिली टाकी बांधली.

कलावतीबाईंनी विचारलं, पण बुधवारी तर मीटिंग असायची ना.

"मीटिंग दोन-तीन वर्षं झाल्या. मग कोण येतंय," धोंडीबा म्हणाले. "पुढं आम्ही दोघंच असायचो, वहिनी. आणि हे मासे. प्रशांत सकाळी यायचा, शर्ट काढून त्या फांदीला लावायचा, आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात हात घालून बसायचा. बोलायचा किती. गप्प बस म्हणायची पाळी यायची माझ्यावर."

ऐश्वर्याने मान वर करून धोंडीबांकडे बघितलं. बोलणारे बाबा तिने कारखाना चालू असताना बघितले होते, त्यानंतर नाही.

"काय बोलायचे?" तिने विचारलं.

"तुझंच जास्त. तुझी परीक्षा, तुझी नोकरी. वहिनींच्या काउंटरवरच्या गमती. कुणी पाकिटावर नवऱ्याचं नाव घालायला लाजली, ते. घरी आपण नुसते बसतो याची त्याला लाज वाटायची. इथं वाटायची नाही."

ती गोष्ट कलावतीबाईंनीच एका रात्री जेवताना सांगितली होती. ते मान खाली घालून जेवत होते. ऐकतायत असं वाटलंही नव्हतं.

धोंडीबा चहा ठेवायला आत गेले. ऐश्वर्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली आणि तिचे डोळे मिटले. कलावतीबाई टाकीच्या काठावर बसल्या. त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि हात पाण्यात सोडला. पाणी वरून कोमट, खाली गार होतं. पिल्लं आधी पांगली, मग एकेक करून परत आली आणि बोटांची टोकं चाखू लागली. पानांतून उन्हाचे कवडसे तळावर पडले होते, ते हलत होते. पाणी हलतंय की ऊन, ते सांगता येत नव्हतं. समोरच्या काठावर प्रशांतराव बसले आहेत असं त्यांना दिसलं. बनियनवर, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांच्या तोंडावर त्यांनी घरी कधी न बघितलेली सुखाची सुस्ती होती. बाईंना राग आला, थोडा हेवाही वाटला, आणि मग दोन्ही त्या गार पाण्यात कुठेतरी उतरून गेलं. आपण काही विचारू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. विचारलं की उठून फडकं शोधायला लागतील.

कपबशीचा आवाज झाला आणि समोरचा काठ रिकामा झाला.

धोंडीबांनी एंजलची जोडी द्यायचं कबूल केलं, पण त्या दिवशी नाही. घरचं पाणी आधी सुधारू दे, म्हणाले. शिवाय ही पिल्लं त्यांच्या विहिरीच्या पाण्यात वाढलेली, त्यांना डोंबिवलीची सवय नाही. त्यांनी एक युक्ती सांगितली. बाईंनी दर खेपेला आपल्या टाकीचं पाणी बाटल्या भरून आणायचं. ते इथे एक जोडी वेगळी काढून ठेवतील आणि त्यांच्या पाण्यात ते पाणी रोज थोडं थोडं मिसळतील. मासे इथेच राहून तिकडचे होतील, मग घेऊन जायचं.

तसं झालं. कलावतीबाई घरी रोज सकाळी तांब्या-दोन तांबे जुनं पाणी काढून ताजं घालत होत्या, आणि नयनने दिलेल्या थेंबांनी अधूनमधून रंग बघत होत्या. परत घातलेल्या जुन्या पाण्याचा पिवळा रंग फिका झाला, मग त्यात पोपटी आला. हिरव्यावर पोचायची त्यांना घाई नव्हती. पोपटी पुढच्या आठवड्यातही पोपटीच राहिला, तेव्हा त्यांनी नयनला मुद्दाम फोन करून सांगितलं. वाचलेल्या कोरी पुन्हा वाळू उकरायला लागल्या होत्या.

आणि दर बुधवारी त्या पिशवीत बाटल्या घालून मोहन्याला जात. कधी ऐश्वर्या बरोबर असायची, बहुतेक वेळा त्या एकट्याच. धोंडीबांशी फार बोलणं होत नसे. ते जाळीने पानं काढायचे, त्या काठावर बसायच्या. एकदा मितेश गाडीने घेऊन गेला. तो धोंडीबांना पाण्याबद्दल इतकं काही विचारत राहिला की परतायला उशीर झाला, आणि वाटेत त्याने कबूल केलं की लॉबीतल्या माशांकडे आता त्याला सरळ बघवत नाही. बाई म्हणाल्या, त्यांचा काय दोष, ते आपल्या पाण्यात आहेत.

आंब्याला मोहर आला तेव्हा जोडी घरी आली. पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, मग बारीक नळीने थेंब थेंब पाणी आत सोडलं, आणि दुपार सरत आल्यावर बाईंनी पिशवीचं तोंड पाण्याखाली उघडलं. दोन्ही मासे एकदम बाहेर आले नाहीत. एक आला, लाकडाला वळसा घालून गेला, आणि परत येऊन दुसऱ्याची वाट बघत थांबला. दुसऱ्या दिवशी जगले, तिसऱ्या दिवशी जगले. मग बाईंनी बघणं सोडून दिलं आणि झोपायला लागल्या.

पाऊस सुरू व्हायच्या बेतात होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी खाणं टाकताना त्यांना दिसलं की मागच्या रुंद पानावर मोत्याच्या बारीक दाण्यांसारखं काहीतरी ओळीने चिकटवलेलं आहे, आणि दोन्ही एंजल त्याच्यासमोर उभे राहून परांनी पाण्याचा वारा घालतायत. कोरी जरा जवळ गेली तरी तिला हुसकतायत. बाईंनी धोंडीबांना फोन केला. ते म्हणाले, अंडी आहेत. पण जीव लावू नका. तरुण जोडी पहिल्या खेपेला घाबरते आणि आपलीच अंडी खाऊन टाकते, आपल्याला काही करता येत नाही.

तो सगळा दिवस बाई जमिनीवर चटई टाकून टाकीसमोर होत्या. जेवणही त्यांनी तिथेच आणलं. संध्याकाळी ऐश्वर्याने व्हिडिओ कॉल केला, तेव्हा त्यांनी फोन पानासमोर धरला, आणि मायलेकी बोलायचं विसरून कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मागे घोडबंदरचा रस्ता वाहत होता. इकडे दोन मासे पानाला वारा घालत होते.

सकाळी पान स्वच्छ होतं. एकही दाणा नव्हता. जोडी काही घडलंच नाही अशी वरच्या पाण्यात फिरत होती, आणि बाईंना बघून खाण्यासाठी काचेपाशी आली. त्यांनी नेहमीपेक्षा चिमूट जरा मोठी टाकली. मग ऐश्वर्याला फोन लावला आणि सांगितलं. "सगळीच?" ऐश्वर्याने विचारलं. तिला वाईट वाटलंय हे बाईंना कळलं.

"अगं, धोंडीबा भावोजी म्हणाले होते तसंच झालं," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला कदाचित राखतील. मी चहा टाकते, तू निघालीस का ऑफिसला?"

ऐश्वर्या म्हणाली, निघायला वेळ आहे, तू बोल. तेव्हा बाईंनी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला, आधण चढवलं, आणि काउंटरवर पाकिटावर नवऱ्याचं नाव घालायला लाजलेल्या त्या बाईची गोष्ट लेकीला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.